सीसीटीव्हीतला पोट्टा

नमस्कार दादा,

मी त्रिमूर्तीनगरात राहते. वय ५४. आमच्या ह्यांनी मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की टीव्हीवर पाठलागाचे सिनेमे लावतात. खुनी पळतोय, पोलीस मागे. हिंदी संपले, आता खालच्या पाट्या वाचत कोरियाचे आणि स्पेनचे चालू आहेत. खरं सांगायचं तर मीही बसते. पोळ्यांची कणीक भिजवायची राहते, पण उठवत नाही. कधीकधी तर वाटतं, जाऊ दे, सुटू दे बिचारा. मग मनाला लागतं की आपण खुन्याची बाजू घेतली.

पण पत्र त्यासाठी नाही. दीड महिन्यापूर्वी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या गळ्यातली चेन ओढून नेली. ह्यांनी तीन घरांचं सीसीटीव्ही फुटेज गोळा केलं, वहीत वेळा लिहिल्या आणि दोनदा दिसलेल्या एका मोटरसायकलवाल्या पोट्ट्याचा फोटो लेआउटच्या ग्रुपवर टाकला. रात्री सव्वादहाला, सिनेमा संपल्या संपल्या. खाली लिहिलं, 'हाच तो. दिसला तर सोडू नका.' तो निघाला पार्सल पोचवणारा. दुसऱ्या दिवशी चौकात त्याला चौघांनी अडवलं, गाडीची चावी काढून घेतली, कानाखाली वाजवली. शेवटी एका घरची मुलगी धावत आली आणि म्हणाली की हा तर आमचं सामान आणतो. ह्यांनी फोटो काढून टाकला, पण माफी नाही. म्हणतात, 'तपासात असं होतंच.' सिनेमे चालूच आहेत. पुण्याची मुलगी म्हणते, बाबांचं सबस्क्रिप्शन बंद कर. करू का?

एक वाचक, नागपूर

ताई,

सबस्क्रिप्शन बंद करू नका. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. टीव्ही बंद केला की रिटायर्ड माणूस गॅलरीत जाऊन बसतो, आणि गॅलरीतून लेआउट थेट दिसतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य कणकेचं. ज्या सिनेमाने नागपूरच्या बाईची कणीक खोळंबवली, त्याच्यात काहीतरी असलंच पाहिजे. ते काय आहे हे नीट कळलं तर तुमच्या यजमानांचं नेमकं कुठे चुकलं तेही कळेल, म्हणून आधी सिनेमाबद्दलच बोलतो. पार्सलवाल्या पोराला विसरलेलो नाही.

'सुटू दे बिचारा' असं वाटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. २०१८ आठवा. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, टी-१ वाघिणीचा म्हणजे अवनीचा शोध चालला होता. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले होते. जंगलात कॅमेरे लागले, हत्ती आले, एका परदेशी अत्तराच्या वासाने तिला उघड्यावर आणायचा घाटही घालून झाला. मी रोज जातो त्या पोह्याच्या ठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या होत्या. एका गृहस्थांची सासुरवाडी राळेगावकडची. वाघिणीचा पुळका कुणी दाखवला की ते भडकायचे, 'तुह्या घरचं माणूस गेलं असतं म्हणजे समजलं असतं.' त्यांचं बरोबरच होतं. पण हेच गृहस्थ रोज सकाळी तर्री ओतून घेताना पहिला प्रश्न विचारायचे, 'सापडली का बे?' आणि नाही म्हटलं की त्यांचे खांदे किंचित सैल व्हायचे. मी बघत होतो. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर फारसं कुणी बोललं नाही, त्यांनी तर पोहे अर्धे टाकले.

पळणाऱ्याकडे मन ओढलं जातं ते त्याच्या गुन्ह्यासाठी नाही. पकडणाऱ्यांकडे गाड्या असतात, वायरलेस असतो, माणसं असतात. पळणारा एकटा. आणि लपणं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही प्रगतिपुस्तक लपवलं असेल, मी विडी लपवली, कुणी पगारातली काही रक्कम घरच्यांपासून. दारावर टकटक झाली की पोटात जो गोळा येतो, तो खुनी नसलेल्यालाही येतो. सिनेमावाल्यांना हे चांगलं माहीत आहे. १९६० च्या 'सायको'त एक जण खून झालेल्या बाईची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच थांबते. तो घाबरून इकडेतिकडे बघतो. त्या क्षणी बघणारा प्रत्येक सभ्य माणूस मनात म्हणतो, 'बुड ना लवकर.' म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. कॅमेरा ज्याच्या शेजारी उभा असतो त्याच्याबरोबर आपल्यालाही घाम फुटतो, एवढंच. तेव्हा तुमच्या अपराधी वाटण्याला माझ्याकडून सुट्टी.

आता सस्पेन्स. हा शब्द आपण रहस्य या अर्थाने वापरतो आणि तिथेच गडबड होते. 'सायको'चा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाला लांबलचक मुलाखत दिली होती. तिच्यात त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं. मी ते आपल्या ठेल्यावर आणतो. दोघं बाकावर बसून पोहे खातायत, उन्हाच्या गप्पा मारतायत, आणि एकाएकी बाकाखाली स्फोट होतो. आपण दचकतो. दहा-पंधरा सेकंदांत खेळ संपला. आता हाच प्रसंग जरा बदलून बघा. बाकाखाली पिशवी कुणी ठेवली ते आपण आधीच पाहिलंय, किती वाजता फुटणार तेही माहीत आहे, भिंतीवर घड्याळ आहे. दोघं त्याच गप्पा मारतायत, 'यंदा पारा पंचेचाळीसच्या वर जाते पाय,' 'तर्री जरा अजून टाक गा.' तीच रटाळ वाक्यं, पण आपल्याला ओरडावंसं वाटतं की उठा बाप्पा, उठा तिथून.

म्हणजे सस्पेन्स अज्ञानातून येत नाही, माहितीतून येतो. पडद्यावरच्या माणसाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असतं, आणि सांगता येत नाही. पाठलागाच्या सिनेमात हे दुहेरी होतं. खुनी कोणत्या खोलीत आहे ते आपल्याला माहीत, पोलीस कोणत्या जिन्यावर आहे तेही माहीत. त्या दोघांनाच एकमेकांचा पत्ता नाही. मधल्या भिंतीसारखे आपण उभे. माझ्या मते या जातीच्या सिनेमाची सगळी मजा त्या भिंतीत आहे. गोळीबार, गाड्या उलटणं वगैरे मला तरी नसलं तरी चालतं.

शेवट माहीत असूनही हे चालतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा 'द डे ऑफ द जॅकल'. फ्रेडरिक फोर्सिथची कादंबरी १९७१ ची, फ्रेड झिनेमनचा सिनेमा १९७३ चा. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एका मारेकऱ्याने घेतली आहे आणि त्याचं खरं नावही कुणाला ठाऊक नाही. द गॉल १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या घरी वारले हे सिनेमाला आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कट फसणार हे तिकीट काढतानाच ठरलेलं! तरी लोक खुर्चीच्या काठावर. कारण प्रश्न 'मारतो का' हा राहतच नाही. त्याला गाठतात कसं, आणि किती थोडक्यात, तेवढंच बघायचं असतं. आणि गाठतात कसं, तर कागदांनी. लहानपणीच मेलेल्या मुलाच्या नावाने कुणी पासपोर्ट काढला का, म्हणून अर्जांचे ढीग तपासतात. हॉटेलांत उतरलेल्यांच्या नोंदी चाळतात. मारेकरी मोटारीत मजेत फिरतो आणि त्याच्यामागे कारकून लागलेले असतात. व्हीआरएस घेतलेल्या कुठल्याही माणसाला हे बघून भरून येईल. आयुष्यभर ज्या रजिस्टरांनी कंटाळा आणला, त्याच रजिस्टरांनी इथे खुनी सापडतो.

तुमच्या यजमानांची वही मला इथेच दिसली. तीन घरं, वेळा, रकाने. ताई, रागवू नका, पण त्या वहीबद्दल मला थोडं कौतुकच वाटलं. माणसाकडे शिस्त आहे.

चूक त्यानंतर झाली. सिनेमात पाठलाग बघताना छाती धडधडते, कारण खुनी कोण हे आपण पाहिलेलं असतं. धडधडीच्या पोटात खात्री असते. लेआउटमध्ये त्यांनी धडधड तेवढी उचलली, खात्री त्यांच्याकडे नव्हतीच. चेन ओढताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. एक मोटरसायकल दोनदा दिसली, एवढंच होतं. आणि पार्सलवाल्याने एका लेआउटमध्ये दोनदा दिसायचं नाही तर काय करायचं? तोच त्याचा धंदा. पडद्यासमोर आपल्याला पोलिसापेक्षा जास्त माहीत असतं, गॅलरीत पोलिसापेक्षा कमी. शरीराला हा फरक कळत नाही, ते दोन्हीकडे सारखंच तापतं.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐका.

१९८४ साल, मी अकरावीत. घर नागपूरच्या महाल भागात. बर्डीवरच्या एका टॉकीजला मी आणि मित्र दुपारचा शो बघायला गेलो. सिनेमा पाठलागाचाच होता. बाहेर पडलो तेव्हा आमचं भांडण जुंपलं की खुन्याने जोडे बदलले ते पोलिसाच्या आधीच लक्षात यायला हवं होतं की नाही. भांडत भांडत आम्ही पायीच महालात पोचलो, वाटेत उसाचा रस प्यायलो, तिथेही भांडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली सायकल नाही.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान होतं. तिथे कामाला एक पोरगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. आदल्या संध्याकाळी मी त्याला आमच्या जिन्यापाशी बघितलं होतं. बास. माझ्या डोक्यात पूर्ण सिनेमा तयार झाला. त्याला सायकल खोलता येते. त्याला सुटे भाग कुठे विकतात ते माहीत. मी विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. (तो रिमवर तार कसत होता, मान खालीच असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.) मी वडिलांना सांगितलं, वडिलांनी दुकानमालकाला. मालकाने माझ्यासमोर त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि घरी हाकललं. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं. मी गुन्हा उघडकीला आणला होता.

तिसऱ्या दिवशी आईने माझी पँट धुवायला घेतली आणि खिशातून पितळी बिल्ला निघाला. टॉकीजच्या सायकल स्टँडचा. सायकल स्टँडवरच उभी होती. आम्ही सायकलवर गेलो होतो आणि भांडणाच्या नादात पायी आलो होतो. स्टँडवाल्याने तीन दिवसांचे पैसे घेतले आणि वर विचारलं, 'पिच्चर लंबी थी क्या?'

वडिलांनी दुकानमालकाला सांगितलं, पोरगा परत कामावर आला. त्यानंतरही मी तिथेच हवा भरायला जायचो. तो भरून द्यायचा. चाकाकडे बघायचा, माझ्याकडे नाही. मी त्याला 'चुकलं' असं म्हणालो नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, मग परीक्षा आली, मग दुकान उठलं. आता त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही, तारेवरचे काळे हात तेवढे आठवतात.

म्हणून 'तपासात असं होतंच' या वाक्यावर मी त्यांना सुटू देणार नाही. तपासात असं होतं, हे खरं. ते कबूल करण्याची हिंमत असलेले सिनेमेही आहेत, आणि माझा पहिला सल्ला तोच आहे. सिनेमे बंद नका करू, बदला. यादी तुम्ही करा. रिमोट आठवडाभर तुमच्या हातात.

सुरुवात जुन्यापासून करा. फ्रिट्झ लांगचा 'एम', १९३१ चा, जर्मन, काळापांढरा. बर्लिनमध्ये कुणीतरी लहान मुलांना मारतंय. दहा हजार मार्कांचं बक्षीस लागलंय. पोलीसही शोधतायत आणि शहरातले चोर-दरोडेखोरही शोधतायत, कारण धाडींमुळे त्यांचा धंदा बसलाय. खुनी शीळ वाजवतो आणि शेवटी त्या शिळेवरूनच त्याला एक आंधळा फुगेवाला ओळखतो. त्याच्या खांद्यावर खडूचं 'एम' (खुनी या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर) उमटतं, ते दृश्य कधी विसरणार नाही तुम्ही. पण त्यांना दाखवायचं दृश्य त्याच्या बरंच आधीचं आहे. रस्त्यावर एक छोटी मुलगी एका म्हाताऱ्याला किती वाजले विचारते. तो सांगतो, आणि सहज विचारतो, कुठे राहतेस बाळ. झालं. एक धिप्पाड माणूस येतो, 'तुला काय करायचंय ती कुठे राहते?' बघता बघता गर्दी. चष्मेवाला तो म्हातारा एवढासा होतो. हे दृश्य आलं की यजमानांकडे बघू नका. पडद्याकडेच बघत राहा.

मग 'द फ्युजिटिव्ह', १९९३ चा. हा त्यांनी पाहिला असेलच, पुन्हा बघा. डॉक्टरवर बायकोच्या खुनाचा आळ आहे, तो निर्दोष आहे हे आपल्याला माहीत, मागे लागलेल्या मार्शलला नाही. टॉमी ली जोन्सला त्या मार्शलच्या कामासाठी ऑस्कर मिळालं. डॉक्टर जीव तोडून सांगतो की मी बायकोला मारलं नाही, आणि मार्शल म्हणतो, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्या वेळी हे निर्दय वाटतं. मला आता ते सिनेमातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. त्याचं काम पकडायचं, दोषी ठरवायचं नाही. आपल्या लेआउटमध्ये चौघांनी पकडलं, दोषी ठरवलं आणि शिक्षाही दिली, सगळं एका चौकात, पाच मिनिटांत.

आणि कोरियाचं वेड आहेच, तर 'मेमरीज ऑफ मर्डर', २००३ चा, बोंग जून-हो याचा. त्यांनी पाहिला असला तरी तुम्ही शेजारी बसून पुन्हा दाखवा. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासोंग भागात बायकांचे खून होत राहिले, त्यावर तो आहे. गावातला पोलीस छातीठोक सांगतो की मी डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो. एकामागून एक माणसं आणतो, मारतो, कबुलीजबाब घेतो. खुनी सापडतच नाही. सिनेमा तसाच संपतो, पोलीस थेट आपल्या डोळ्यांत बघतोय. सिनेमा संपल्यावर त्यांना पुढची गोष्ट तुम्ही सांगा. २०१९ मध्ये डीएनएवरून खरा माणूस कळला. तो १९९४ पासून दुसऱ्या खुनासाठी तुरुंगातच होता. आणि त्या खुनांपैकी एकासाठी भलत्याच माणसाला शिक्षा झाली होती. तो सुमारे वीस वर्षं आत राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. वीस वर्षं, ताई. कुणीतरी वहीत काहीतरी बरोबर जुळवलं होतं.

हे सगळं ऐकून यजमान म्हणतील, ते परदेशात. मग त्यांना १ जुलै २०१८ सांगा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या जमावातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण खुन्याला पकडतोय. 'दिसला तर सोडू नका' हे वाक्य दिसायला छोटं असतं.

कुणी नागपूरकर इथे १३ ऑगस्ट २००४ काढेल हे मला माहीत आहे. कोर्टाच्या आवारात बायकांनी वस्तीतल्या गुंडाला संपवलं, तेव्हा कुठे होता तुमचा कायदा, म्हणेल. त्याचं उत्तर एका सदरात मावणारं नाही. एवढंच म्हणतो की त्या बायकांना तो माणूस कोण हे वर्षानुवर्षं, अंगावरच्या जखमांनिशी माहीत होतं आणि त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. ती गोष्ट न ऐकलेल्या तक्रारींची आहे. तिचा आधार घेऊन अंधुक फुटेजमधल्या पोराला चौकात धरता येत नाही.

आता घरातल्या व्यवस्थेचं. सिनेमा संपला की त्यांचा फोन अर्धा-पाऊण तास त्यांच्या हाती लागू देऊ नका. हे मी सासूसारखं सांगत नाहीये, याला शास्त्र आहे. डॉल्फ झिलमान या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की एका गोष्टीने चढलेली उत्तेजना लगेच उतरत नाही, मागे रेंगाळते आणि पुढे जे काही समोर येईल त्याला जाऊन चिकटते. शेवटी नायक सुटला की आपल्याला एवढा आनंद होतो तो त्यामुळेच, तासभराची भीती त्या आनंदात भर घालते. पण सिनेमा संपल्यावर समोर ग्रुप आला, तर ती वाफ ग्रुपवर निघते. तुम्ही पत्रात वेळ लिहिली आहे, सव्वादहा. मला तर वाटतं तो फोटो सकाळी चहा पिताना त्यांनी टाकलाच नसता. तेव्हा सिनेमा संपला की ताटं. जेवण झाल्यावर फोन.

त्यांच्या वहीला काम द्या. फुटेज गोळा करणं चांगलंच आहे, फक्त ते ग्रुपवर न जाता तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलं पाहिजे, आणि लवकर, कारण हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. त्यांना एक करायला सांगा. ज्या तीन घरांचं फुटेज त्यांनी घेतलं, त्या तिन्ही ठिकाणी जाऊन स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी शेजारी ताडून बघायची. पैज लावतो, एखादं तरी घड्याळ मागेपुढे निघेल. मग वहीतले रकाने पुन्हा मांडावे लागतील. ही मेहनत त्यांना आवडेल आणि पोलिसांनाही उपयोगी पडेल. एखादी घटना डोळ्यांदेखत घडत असेल तर ११२.

कायद्याचं एकच सांगतो, कारण ते चौघं उद्या यांचंच नाव पुढे करतील. सामान्य नागरिकाला कुणाला पकडायचा अधिकार आहे, पण अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा त्याच्यासमोर घडला असेल तरच, किंवा तो माणूस जाहीर केलेला फरारी गुन्हेगार असेल तर. पकडलं तरी उशीर न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. थोबाडीत मारायचा अधिकार त्यात कुठेच नाही. आणि 'हाच तो' लिहून फोटो फिरवणं बदनामीत बसू शकतं, ते न्याय संहितेचं कलम ३५६. तो पोरगा तक्रार करणार नाही, त्याला रोज याच रस्त्याने यायचंय. त्याच्या या नाइलाजाच्या आडोशाला तुम्ही उभं राहू नये असं मला वाटतं.

माफी दोन ठिकाणी व्हायला हवी. फोटो ज्या ग्रुपवर पडला तिथे, त्यांच्याच नावाने, दोन ओळींत: मी टाकलेला फोटो चुकीचा होता, त्या मुलाचा काही संबंध नाही, चूक माझी. फोटो परत लावायचा नाही, 'गैरसमजातून' हा शब्द लिहायचा नाही, आणि खाली लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल तिला उत्तर द्यायचं नाही.

दुसरी त्या मुलासमोर. तो कुणाचं पार्सल आणतो ते तुम्हाला माहीत आहे, त्या मुलीला विचारून त्याची यायची वेळ कळेल. यजमानांना फाटकाशी उभं करा. मिठाईचा डबा नको, तो हातात आला की पोराला हसून घ्यावाच लागतो आणि विषय संपतो. पैसे तर अजिबात नको. चौघांना सोबत आणायचं नाही, गर्दी त्याने एकदा बघितली आहे. सरळ म्हणायचं, 'फोटो मी टाकला होता. माझं चुकलं.' तो काही बोलणार नाही कदाचित. चाकाकडे बघेल, किंवा मोबाइलवर पुढचा पत्ता शोधेल. बघू द्यावं. त्याने माफ केलंच पाहिजे असं काही नाही, त्याच्यामागे पंधरा पार्सलं आणि ऊन असतं. पाणी विचारा, एवढं चालेल.

यजमान तयार झाले नाहीत तर त्यांना सायकलची गोष्ट वाचून दाखवा. माझं नाव सांगा, फोन करायला सांगा. जोड्यांवरून झालेल्या भांडणात कोण बरोबर होतं तेही सांगेन, मी चुकलो होतो.

मुलीला कळवा की सबस्क्रिप्शन चालू राहील. आणि कणीक सिनेमाच्या आधी भिजवून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत जा. दोन तासांत छान मुरते, पोळ्या मऊ होतात, आणि 'एम' मध्ये मधेच उठून गेलात तर तो म्हातारा चुकेल.